पिकअप मागून बसते, पाटे किती वाढवू?

प्रश्न असा आला आहे. गाडी बोलेरो पिकअप, १.७ टन पासिंग (म्हणजे कागदावर मंजूर माल), चार वर्षं जुनी. भिवंडीच्या गोदामातून टाइल्स आणि मार्बल उचलून अंधेरी-गोरेगावच्या साइटवर टाकायचे, हा रोजचा धंदा. भरली की गाडी मागून बसते, घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत मागे धाडकन ठोकर लागते, वळणावर डोलते. ड्रायव्हर म्हणतो, "शेठ, दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे मारून घेऊ." ओळखीच्या एकाने एअर बॅग, म्हणजे चेसिस आणि ॲक्सलच्या मध्ये बसणारी हवेची रबरी पिशवी, सुचवली आहे. आणि सगळ्यात शेवटी, हळूच: हे केलं तर अडीच टन नेता येतील का?

अडीच टनांचं आधी सांगून टाकतो. नाही येणार. कमान, म्हणजे हे पाटे एकावर एक बसवून केलेली मागची स्प्रिंग, मजबूत केली म्हणजे गाडीची उंची टिकते, ओझं पेलायची ताकद वाढत नाही. ती ताकद टायर, चाकाचं बेअरिंग, मागचं हाउसिंग (मागच्या ॲक्सलचं लोखंडी कवच), चेसिस आणि ब्रेक यांतल्या सगळ्यात कमजोर भागाएवढीच असते. फरक इतकाच की यातली फक्त कमान जास्त ओझं झालं की डोळ्यांना दिसेल असं सांगते. तिला ताठ केलं की ते सांगणं बंद होतं, बाकीच्यांवरचा ताण तसाच राहतो.

टायरचंच बघा. टायरच्या बाजूला साइजनंतर एक आकडा छापलेला असतो, एका टायरने किती वजन घ्यावं हे सांगणारा. १०६ असेल तर ९५० किलो, ११३ असेल तर ११५० किलो, तेही कंपनीने सांगितलेली हवा भरलेली असेल तरच. म्हणजे मागच्या दोन टायरांवर एका ठिकाणी १९०० किलो, दुसऱ्या ठिकाणी २३००. यात मालाबरोबर हौद्याचं आणि हाउसिंगचं वजनही आलं. टायर बदलताना साइज तोच बघून स्वस्तातला टाकला आणि आकडा उतरला, तर चाळीस-पन्नास किलोचा नाही, चारशे किलोचा फरक पडू शकतो. गॅरेजमध्ये 'गाडी बसते' म्हणून आलेल्या माणसाला मी आधी टायर वाचायला लावतो. बहुतेकांनी तो आकडा कधी पाहिलेला नसतो.

आता तुमच्या मालाचा हिशोब. दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्सची चारची पेटी साधारण २७-२८ किलोची भरते. साठ पेट्या म्हणजे सोळाशे किलोच्या वर. मार्बल-ग्रॅनाइट १८ मिमी जाडीचं असेल तर चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो, म्हणजे पावणेचारशे चौरस फुटांत तुमचं पासिंग संपलं. ड्रायव्हर, दोन हमाल, हौद्यावर नंतर बसवलेली लोखंडी जाळी, ताडपत्री, दोर, ॲडहेसिव्हच्या चार गोण्या हेही त्याच १.७ टनांतून वजा होतं. हौदा अर्धा रिकामा दिसतो म्हणून आणखी वीस पेट्या चढतात. दगड-टाइल्सच्या धंद्यात हौदा कधीच भरत नाही, गाडी आधी भरते.

म्हणून पाटेवाल्याकडे जाण्याआधी वजनकाट्यावर जा. भरलेल्या गाडीचं पूर्ण वजन घ्या, मग पुढची चाकं काट्याच्या बाहेर काढून फक्त मागच्या चाकांचं घ्या. काट्याबाहेरची जमीन काट्याच्या पातळीत हवी, नाहीतर आकडा फसवतो. गाडी रिकामी झाली की हेच परत. पावत्या जपून ठेवा, त्या पुढे उपयोगी पडतात.

मागच्या चाकांचा आकडा बघून बरेच लोक चमकतात, कारण एकूण वजन बरोबर असूनही मागे जास्त निघतं. कारण साधं आहे. समजा दोन ॲक्सलमधलं अंतर ३ मीटर आहे आणि माल १७०० किलो. मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल तर मागच्या चाकांवर १५३० किलो येतात, उरलेले १७० पुढच्या चाकांवर जातात. तोच माल ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे रचला तर मागे १८७० किलो पडतात आणि पुढच्या चाकांवरचे १७० किलो उलट कमी होतात. माल तोच, काट्यावर एकूण वजन तेच, पण मागच्या कमानीवर ३४० किलोंचा फरक. पुढचं हलकं झालं की स्टिअरिंग तरंगतं, ते वेगळंच. आणि आपल्याकडे माल कसा रचतात? फाळक्याजवळ, कारण उतरवायला सोपा पडतो. पेट्या केबिनच्या मागच्या भिंतीला टेकवून रचायला सुरुवात करा, पूर्ण तळावर, कमी थरांत. मार्बलचे स्लॅब उभे नेत असाल तर वजन उंचावर जातं आणि वळणावर डोलणं त्यामुळेही असतं; स्टँड हौद्याच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना सारखा माल लावून घट्ट बांधा. यातल्या कशालाच गॅरेजचा खर्च नाही. हमालांशी वाद मात्र घालावा लागेल.

एवढं करूनही बसते का, हे मोजून ठरवा. मोजायचं चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, जमिनीपासून नाही. जमिनीपासून मोजलं की टायरची हवा मध्ये येते. दोन्ही बाजू, रिकामी आणि भरलेली. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट खाली असेल तर पाटे वाढवायचा विषयच नाही, त्या बाजूचा पाटा तुटलाय किंवा बसलाय. भरलेल्या गाडीत हाउसिंग आणि चेसिसखालचा रबरी ठोकळा यांच्यामध्ये किती जागा उरते तेही बघा. जेमतेम दोन बोटं जात असतील तर खड्ड्यात ठोकर लागणारच. तुम्हाला ऐकू येतं ते धाडकन तेच आहे.

मग गाडी वर घेऊन कमान नीट बघायची. चार वर्षं रोज टाइल्स वाहिलेल्या गाडीत नवीन काही घालण्याआधी जुनं किती गेलंय हे कळलं पाहिजे. पाट्यांना तडा दोन ठिकाणी शोधा: सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी, आणि पाट्याच्या वरच्या, आतून वळलेल्या बाजूवर. ओझं पडलं की कमान सरळ होते आणि ताण त्या वरच्या अंगाला येतो, म्हणून चीर तिथून सुरू होते. भोकापाशी तुटलेला पाटा बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतो, की यू बोल्ट, म्हणजे कमान हाउसिंगला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट, ढिले होते. यू बोल्ट घट्ट असले की मधला भाग दाबून धरलेला राहतो, वाकत नाही, आणि भोकावर ताण येत नाही. ढिले झाले की सगळं वाकणं त्या भोकावर. नवा पाटा टाकून जुनेच यू बोल्ट परत कसले तर तोही तिथेच जाणार. एकदा ताणून बसलेले यू बोल्ट परत वापरू नका, दरवेळी नवे घ्या. पाटे वाढवले तर लांबही लागतील. नटच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत.

तुमच्या गाड्यांना लागू नाही, पण भाऊच्या धक्क्यावरून किंवा ससून डॉकवरून मासळी नेणाऱ्या पिकअपबद्दल इथेच सांगतो. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेट कमानीवर गळतं. पाट्याच्या पृष्ठभागावर गंजाचे बारीक खळगे पडतात आणि चीर तिथूनच निघते. ओझं बेताचं असूनही या गाड्यांचे पाटे तुटतात आणि मालक कमान जाड करायला सांगतात. त्यांना जाड कमान नको, रोज गोड्या पाण्याने धुणं आणि हौद्याला गळती काढून देणारी नळी हवी.

पाटे बसलेत पण धड आहेत, तडा नाही, तर त्यांना पुन्हा बाक देता येतो. कळंबोली किंवा वडाळा ट्रक टर्मिनलच्या आसपास असं काम करणारे भेटतात. पण नीट विचारा, कसं करणार. थंड पाटा प्रेसवर हळूहळू वळवून मर्यादेत बाक देता येतो. भट्टीत लाल करून ठोकला आणि तसाच हवेत टाकला तर स्प्रिंग स्टीलचा वाकून परत उसळण्याचा गुण गेला. परत तेलात विझवून आणि पुन्हा बेताच्या आचेवर तापवून दिला नाही, तर थोड्याच दिवसांत गाडी पहिल्यासारखी बसेल. पाट्यावर वेल्डिंग तर कुणालाही, कुठल्याही कारणाने करू देऊ नका. आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना सेट उचलायचा मोह होईल. दरवाजा, आरसा, सीट घ्या तिथून. कमान नको. तिने आधी किती ओझं सोसलंय हे वरून दिसत नाही.

आता जाड पाट्यांचं, तुमच्या ड्रायव्हरच्या सूचनेचं. तो चूक नाही, पण अर्धंच बघतोय. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिमीच्या जागी १० मिमीचा घातला की तो सव्वापट नाही, जवळजवळ दुप्पट ताठ होतो. मुख्य कमानीत असे दोन-दोन घातले तर ती भरलेल्या गाडीला छान वाटेल, पण तुम्ही भिवंडीकडे जाताना रिकामी जाता. रिकाम्या गाडीला ती कमान वाकणारच नाही. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर मागचं चाक उड्या मारेल, पावसात ब्रेक लावला की घसरेल, आणि कमानीने न खाल्लेला प्रत्येक धक्का चेसिस खाईल. चेसिसला तडे कमानीच्या हँगर ब्रॅकेटजवळ, म्हणजे कमानीचं टोक जिथे चेसिसला अडकवलेलं असतं तिथे, पडतात ते असे. शिवाय एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: आठच्या पाट्यांत घातलेला दहाचा पाटा आधी तुटतो. सगळे पाटे एकत्र, सारखेच वाकतात, आणि तेवढ्याच वाकण्यात जाड पाट्यावर जास्त ताण येतो. पाच पाट्यांच्या कमानीत त्याच जाडीचा, योग्य लांबीचा आणि योग्य बाकाचा एक सहावा घातला तर साधारण वीस टक्के ताठपणा वाढतो. मुख्य कमानीत यापुढे जायला मी कधी तयार होत नाही. बाकही महत्त्वाचा. खालचे आखूड पाटे वरच्यांपेक्षा थोडे जास्त वळलेले असतात आणि कसल्यावर एकमेकांना धरतात. बाजारातून उचललेला कुठलाही पाटा मध्ये सरकवला तर ही पकड बिघडते. आणि तुमची कमान मध्ये जाड, टोकांना पातळ अशा दोन-तीनच पाट्यांची, म्हणजे पॅराबॉलिक असेल तर तिच्यात साधा पाटा घालायचाच नाही.

तुमच्या धंद्याला हेल्पर, म्हणजे मुख्य कमानीच्या मदतीला असलेली जादा कमान किंवा पाटा, योग्य आहे. काही गाड्यांत तो मुख्य कमानीच्या वर असतो आणि टोकं चेसिसवरच्या ठोकळ्यांना टेकतात, काहींत सगळ्यात खाली एक जाड, जवळजवळ सरळ पाटा असतो. गाडी रिकामी असताना तो कामावरच नसतो, म्हणून रिकामी गाडी मऊ राहते. साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश माल चढला की टेकतो आणि मग पुढचं ओझं वाटून घेतो. तो केव्हा टेकावा हे अंदाजाने ठरवू नका. काट्याच्या पावत्या आणि मडगार्डची मापं इथे काढा. समजा रिकाम्यात मागे ७०० किलो होते, भरल्यावर २१००, आणि गाडी ११ सेंटिमीटर खाली गेली, तर दर सेंटिमीटरला साधारण १२७ किलो. एवढा हिशोब घेऊन गेलात तर चांगला कमानवाला तुम्हाला नेमकं अंतर ठेवून देईल. गाडीला कंपनीचाच हेल्पर आधीपासून असेल, तर तो बसलाय का आणि त्याचे ठोकळे झिजलेत का हे बघा. पुष्कळदा दुखणं तेवढंच असतं.

एअर बॅगला माझा विरोध नाही. ज्याचा माल रोज वेगळा असतो, कधी तीनशे किलो कधी हजार, त्याला ती सोयीची; हवा कमी-जास्त करून उंची सांभाळता येते. रोज पासिंगभर दगड वाहणाऱ्या गाडीला नाही. रबरी पिशवी, नळी, जोड हे सगळं चिखल-पाण्यात राहतं, आणि एका बाजूची हवा वाटेत गेली तर भरलेली गाडी त्या बाजूला झुकते. दुसरं म्हणजे कमान ओझं चेसिसला दोन टोकांना देते, बॅग ते मध्येच एका ब्रॅकेटवर ढकलते, जिथे चेसिस त्यासाठी बनवलेली नसते. बसवायचीच असेल तर ब्रॅकेट क्लॅम्पने बसणारं घ्या. चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला भोक पाडू देऊ नका.

शॉकॲब्सॉर्बर बदलल्याने गाडी उचलली जाते असं कुणी सांगितलं तर हसून सोडा. तो ओझं धरत नाही, उड्या थांबवतो. पण कमान ताठ केल्यावर जुने, तेल गळणारे शॉकॲब्सॉर्बर ठेवू नका.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते: मागचे ब्रेक. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही. त्याला ॲक्सलशी जोडलेली एक दांडी असते. माल चढला, गाडी खाली बसली की दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की मागे वजन आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. रिकामी असताना दाब कमी ठेवतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी शेपूट फिरवेल. या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, फक्त उंची कळते. तुम्ही कमान ताठ केली, गाडी भरूनही उंच राहिली, की तो समजतो गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. सपाट रस्त्यावर ड्रायव्हरला वाटतं, थोडा जास्त पाय दाबावा लागतोय. बोरघाट किंवा कसारा उतरताना पुढचे पॅड तापून ब्रेक लागेनासे होतात तेव्हा कळतं. गाडी मागून उचलून घेतली आणि 'ब्रेक कमी झाले' म्हणून पुढचे पॅड दोनदा बदलले, अशा गाड्या माझ्याकडे आल्यात. दांडीकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

यावर काही मेकॅनिक दांडी तारेने वर बांधून टाकतात, म्हणजे व्हॉल्व्ह कायम 'भरलेली' समजतो. भरल्यावर ब्रेक झकास. मग पहिल्या पावसात, रिकाम्या गाडीने, फ्लायओव्हरच्या उतारावर. पुढचं सांगायला नको. उपाय कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो: मागच्या ॲक्सलवर ठरावीक वजन असताना दांडीची लांबी किंवा अंतर किती हवं ते. कमानीचं काम झाल्यावर ते नव्या उंचीप्रमाणे लावून घ्या, आणि हे काम कमानवाल्याकडे नाही, ब्रेकचं काम करणाऱ्याकडे. तुमच्या गाडीत असा व्हॉल्व्ह आहे का हे गाडीखाली वाकून पाच मिनिटांत कळेल.

काम चालू असताना शॅकल (कमानीचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) आणि बुशही (कमानीच्या टोकातले रबरी नळकांडे) बघून घ्या. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना कायमचे आवळू नका. चाकं जमिनीवर टेकून गाडी आपल्या वजनावर उभी राहिली की मग आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी मागून वर गेल्याने प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो. काम झाल्यावर ठरावीक वेगाला जमिनीतून घरघर येत असेल तर त्या दांड्याचे सांधे (क्रॉस) आणि सेंटर बेअरिंग तपासा. मागचे टायर आतल्या कडेला जास्त झिजत असतील तर पाट्यांवर एक रुपयाही खर्च करू नका, हाउसिंग वाकल्याची शंका घ्या.

कायद्याचं थोडक्यात. कमान बदलल्याने आरसीवरचं एकूण वजन बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जास्त वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत आणि उतरवायचा खर्च तुमचाच. रस्त्याच्या कडेला टाइल्स उतरवून दुसरी गाडी बोलवायची म्हणजे त्या फेरीचं भाडं गेलंच, फुटतूट वेगळी. अडीच टन खरोखर रोज न्यायचे असतील तर पुढच्या पासिंगची गाडी घ्या किंवा दोन फेऱ्या करा.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन: या आठवड्यात काटा आणि माल पुढे सरकवून रचणं. त्याने ठोकर थांबली तर तिथेच थांबा. नाही थांबली तर बसलेले पाटे त्याच मापाच्या नव्या पाट्यांनी बदला, नवे यू बोल्ट आणि बुश, हेल्परचं अंतर नीट. मग ब्रेकची दांडी. काम झाल्यावर एक भरलेली फेरी मारून यू बोल्ट पुन्हा पान्याने तपासा, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना बोल्ट ढिले पडतात; कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला कसा, पान्यावर पाइप चढवून अंदाजाने नाही. शेवटी हेडलाइट. मागची उंची बदलली की उजेडाची दिशाही बदलते, त्यामुळे भिंतीसमोर उभी करून ते लावून घ्या.